चौकटीतला गोवा

पर्यटनाच्या माहितीपुस्तिकेत किंवा भित्तिपत्रकावर छापलेल्या छायाचित्राची समीक्षा करावी, असे आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांना सहसा वाटत नाही. कविता, कादंबरी, नाटक, फार तर चित्रपट, येथवर समीक्षेची हद्द मानली जाते. जाहिरातीतले चित्र हे कलेच्या उंबरठ्याबाहेरचे, व्यापाराच्या वखारीतले, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष केले जाते. तथापि एखाद्या प्रदेशाविषयी सर्वसामान्य माणसाच्या मनात जी प्रतिमा ठसलेली असते, ती कवितेने ठसवलेली नसते. कॅलेंडरावरच्या, रेल्वेस्थानकावरच्या आणि अलीकडे हातातल्या फोनवरच्या चित्रांनी ती घडवलेली असते. जे वाङ्मय लक्षावधी लोक न वाचता पाहतात, त्याची परीक्षा करणे हे समीक्षेचे कामच नव्हे, असे कसे म्हणावे?

शिवाय या व्यापारात एक गोष्ट इतर सर्व व्यापारांहून निराळी आहे. कापड घेणारा कापड हातात धरून पाहतो, आंबे घेणारा आंबा हुंगून पाहतो. पर्यटक मात्र आधी पैसे भरतो आणि मग माल पाहावयास जातो. त्याच्या हाती असते ते केवळ छायाचित्र. तेच त्याचा नमुना आणि तेच त्याचे वचनपत्र. म्हणून साबणाच्या जाहिरातीतल्या अतिशयोक्तीपेक्षा स्थळाच्या जाहिरातीतील अतिशयोक्ती अधिक गंभीर ठरते. शिवाय साबणाला आपले चित्र कसे काढले याचे सुखदुःख नसते. स्थळात माणसे राहतात, आणि त्यांना ते असते.

छायाचित्रण आणि पर्यटन ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत. दागेरने आपला शोध जगापुढे मांडला तो १८३९ साली, आणि थॉमस कुकने लेस्टरहून लफबरोपर्यंत आपली पहिली सहलीची आगगाडी नेली ती १८४१ साली. पुढे सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्याने हिमालयाच्या मोहिमा केल्या. काचेच्या पट्ट्या, रसायने, तंबू हे सारे हमालांच्या पाठीवरून चढत गेले. परंतु घराघरांत विकत घेतली गेलेली ती चित्रे हिमशिखरांची होती, पाठीवर काचा वाहणाऱ्यांची नव्हेत. कोणास चौकटीत घ्यावयाचे आणि कोणास बाहेर ठेवावयाचे, हा या कलेचा मूळ प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. १९५७ साली रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने एका सुप्रसिद्ध प्रवासमार्गदर्शिकेवर निबंध लिहिला. तिच्या लेखी डोंगर आणि स्मारके एवढाच देश असतो, चर्चवास्तूंना तीत वारेमाप मान मिळतो आणि जिवंत माणसे केवळ ठरावीक नमुन्यांपुरती उरतात, हे त्याने दाखवून दिले. ती मार्गदर्शिका शब्दांची होती. छायाचित्रांना हा निष्कर्ष अधिकच लागू पडतो, कारण शब्दाविषयी मनात शंका येते, छायाचित्राविषयी ती चटकन येत नाही. कॅमेरा खोटे बोलत नाही, ही समजूत फार चिवट आहे.

कॅमेरा खोटे बोलत नसेलही. निवड मात्र बोलते. एका स्थळाची शेकडो छायाचित्रे काढली जातात आणि त्यांतले एक छापले जाते. या चाळणीचे नियम कोठे लिहिलेले नसतात, परंतु कोणतीही माहितीपुस्तिका उघडून पाहिली तर ते सहज वाचता येतात. आकाश निळे हवे, आणि त्यात मथळा छापण्यापुरती मोकळी जागा हवी. प्रकाश सकाळचा वा सायंकाळचा, तिरपा व सोनेरी हवा, कारण माध्यान्हीचे ऊन वस्तूंना उघडे पाडते. गर्दी नको, कारण प्रत्येक ग्राहकास आपण तेथे पहिलेच पोहोचणार आहोत असे वाटले पाहिजे. विजेच्या तारा, कचरा, बांधकामाचे सळे नकोत. माणूस हवाच असेल तर तो पाठमोरा, समुद्राकडे पाहत असलेला, म्हणजे ग्राहकाला त्याच्या जागी स्वतःला बसवता येते. स्थानिक माणूस असेल तर तो हसरा, रंगीत वस्त्रांतला आणि हातात काही विकाऊ वस्तू धरलेला असावा. या प्रत्येक नियमाला व्यावहारिक कारण आहे आणि एकेकटा पाहिला तर त्यातला कोणताही नियम पापाचा नाही. परंतु सारे एकत्र आले की एक विचित्र देश तयार होतो. तेथे पाऊस पडत नाही, कोणी थकत नाही, कोणी म्हातारे होत नाही आणि कोणी आपल्या कामात इतके गुंतलेले नसते की त्याला पाहुण्याकडे पाहून हसण्यास सवड नसावी.

असत्य दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार ढोबळ. २००९ साली कॅनडातील आल्बर्टा या प्रांताने आपल्या प्रसिद्धिमोहिमेत समुद्रकिनाऱ्यावर धावणाऱ्या मुलांचे एक सुंदर छायाचित्र वापरले. आल्बर्टाला समुद्रच नाही! ते चित्र इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमधील बाम्बरा येथील किनाऱ्याचे निघाले. २०२३ च्या जून-जुलैत फिलिपिन्सच्या पर्यटन खात्यासाठी एका जाहिरात संस्थेने चित्रफीत तयार केली. तीत ब्राझीलमधील वाळूच्या टेकड्या आणि इंडोनेशियातील भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेते फिलिपिन्सची म्हणून झळकली. संस्थेने क्षमा मागितली आणि खात्याने तिचे कंत्राट रद्द केले. या दोन्ही प्रकरणांत पुढे आलेले समर्थन विलक्षण सारखे आहे. चित्र स्थळ दाखवण्यासाठी नव्हते, एक मनोभाव जागवण्यासाठी होते, असा त्याचा आशय. आम्हांस हे समर्थन अपराधापेक्षा अधिक बोलके वाटते. कारण त्यात या साऱ्या चित्रप्रकाराचे मर्म उघड झाले आहे. येथे स्थळ विकलेच जात नाही, विकला जातो तो मनोभाव. आणि मनोभावच विकावयाचा, तर तो ब्राझीलच्या वाळूतून घेतला काय आणि आपल्या वाळूतून घेतला काय, व्यापाऱ्यास फरक कसला?

हा ढोबळ प्रकार लवकर पकडला जातो आणि त्याचे हसे होते. दुसरा प्रकार सूक्ष्म आहे. त्यात प्रत्येक छायाचित्र खरे असते, स्थळही तेच असते, आणि तरीही सर्व चित्रे मिळून जे सांगतात ते खरे नसते. या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून आम्ही गोवा निवडला आहे. एक तर मराठी वाचकास हा प्रदेश जवळचा, आणि दुसरे म्हणजे ज्या चित्रांनी तो विकला जातो त्यांत ख्रिस्ती माणसाचे आणि त्याच्या उपासनामंदिराचे मुखवटे सर्वांत पुढे टांगलेले असतात. तेव्हा हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरातलाच आहे.

गोव्याची पर्यटनचित्रे डोळ्यांपुढे आणावी. माडांची रांग, रिकामा किनारा, पांढरेशुभ्र चर्च, रंगीत भिंतींची जुनी घरे, बाल्कावात बसलेली वृद्धा, गिटार, आणि कोठेतरी एक पेला. यांतील प्रत्येक वस्तू गोव्यात आहे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या १४ लाख ५८ हजार लोकसंख्येपैकी सुमारे ६६ टक्के लोक हिंदू, सुमारे २५ टक्के ख्रिस्ती आणि ८ टक्क्यांहून काही अधिक मुसलमान आहेत. फोंडा तालुक्यातील मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील देवालये, त्यांचे दीपस्तंभ आणि तळ्या महाराष्ट्रातील हजारो भाविक कुटुंबांना ठाऊक आहेत. पण ज्या चित्राने गोवा जगात ओळखला जातो त्यात त्यांना क्वचितच स्थान मिळते. ही देवालये मूळची तेथील नव्हेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने सासष्टी-तिसवाडीकडील देवळे पाडली, तेव्हा भक्तांनी आपली दैवते नदीपार नेली. हा इतिहास आम्हां ख्रिस्ती लोकांना सुखाचा नाही. परंतु तो सांगितल्याशिवाय गोव्याचा नकाशा समजत नाही, आणि जे चित्र तो लपवते ते ख्रिस्ती माणसावर उपकार करीत नाही.

उलट त्या चित्राने ख्रिस्ती माणसाचेच अधिक नुकसान केले आहे. जाहिरातीतला गोवेकर ख्रिस्ती शेत कसत नाही, खाजनाचा बांध राखत नाही, पोटासाठी आखातात किंवा बोटीवर जात नाही, कोकणीत लिहीत नाही. तो गातो, पितो आणि दुपारी झोपतो. हिंदी चित्रपटांनी हा साचा आधीच तयार करून ठेवला होता, पर्यटनाच्या चित्राने त्यावर सरकारी शिक्का मारला. एखाद्या समाजाचे विडंबन शत्रुत्वाने केले असते तर त्याने निषेध केला असता. कौतुकाने केलेल्या विडंबनाचा निषेध करणे फार कठीण जाते.

रापणीचे उदाहरण घ्या. किनाऱ्यावर ओळीने उभे राहून जाळे ओढणारे रापणकार हे छायाचित्रकारांचे आवडते दृश्य. ताणलेले दोर, वाकलेली शरीरे, मागे सूर्यास्त, असे ते चित्र रचनेच्या दृष्टीने खरोखर देखणे असते. परंतु १९७० च्या दशकात याच रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध दीर्घ आंदोलन केले होते. किनाऱ्यालगतचे मासे ट्रॉलरांनी खरवडून नेले, तर रापणीत काय येणार, हा त्यांचा प्रश्न होता. चित्रात तो प्रश्न नाही. चित्राने त्यांचा घाम ठेवला आणि गाऱ्हाणे काढून टाकले. तसेच पूर्वेकडील तालुक्यांचे. खाणींनी लाल झालेले डोंगर आणि २०१२ मध्ये खाणकाम थांबल्यावर रिकामे झालेले ट्रक हेही गोवाच आहेत. पण सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या किनारपट्टीने साऱ्या राज्याचे चित्र व्यापून टाकले आहे.

यावर कोणी म्हणेल की जाहिरात म्हणजे विश्वकोश नव्हे. वधूच्या छायाचित्रात तिचा ताप आणि खोकला कोणी दाखवत नाही. हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. पर्यटनावर गोव्यातील असंख्य घरांच्या चुली पेटतात, आणि त्यांत आपल्या समाजाच्या चुलीही आहेत. चित्र आकर्षक असावे, यात वावगे काही नाही. आमचे म्हणणे एवढेच की आकर्षक निवड आणि अपहार यांत भेद आहे. वधूचे छायाचित्र चांगल्या साडीत काढावे. पण रोज तेच छायाचित्र पाहून घरच्यांनी तिला साडी उतरवण्याची, स्वयंपाक करण्याची, आजारी पडण्याची मनाईच केली तर? चित्र येथे वर्णन करणे सोडून आज्ञा करू लागते. ही कविकल्पना नव्हे, हे पुढील उदाहरणावरून दिसेल.

जुन्या गोव्यातील बॉम जेजू बॅसिलिका, जेथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत, ती गोव्याच्या चित्रांत सर्वाधिक छापली जाणारी वास्तू असावी. तिची पायाभरणी १५९४ ची आणि अभिषेक १६०५ चा. १९८६ साली गोव्यातील चर्चे व मठ जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले, त्यांत ती आहे. तिचा तांबूस, उघड्या जांभ्या दगडाचा दर्शनी भाग आता सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. आजूबाजूच्या पांढऱ्या चर्चांत ती लाल वास्तू प्राचीन, गंभीर आणि खरी वाटते. परंतु ती तशी बांधलेलीच नव्हती. इतर चर्चांप्रमाणे तिच्या जांभ्यावरही चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञांच्या देखरेखीखाली तो काढण्यात आला. वास्तूला अधिक पुरातन रूप यावे, हा त्यामागील विचार. म्हणजे आपण जिला चारशे वर्षांची म्हणून पाहतो ती मुद्रा जेमतेम सत्तर वर्षांची आहे.

आता जांभा हा सच्छिद्र दगड आहे, हे कोकणातल्या कोणत्याही गवंड्यास विचारावे. कोकणपट्टीचा पाऊस त्यास झोडपतो, दगड पाणी पितो आणि झिजतो. गिलावा ही वास्तूची कातडी होती, ती सोलून काढली गेली. २०२० साली बॅसिलिकेच्या तत्कालीन रेक्टरांनी या झिजेविषयी जाहीरपणे चिंता व्यक्त केली, आणि पुन्हा गिलावा करावा की नाही, हा वाद पुढे आला. वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांनी गिलाव्याच्या बाजूने मते मांडली. विरोधाची कारणे अनेक असतील, पण त्यांत एक अगदी साधे होते. लोकांना लाल बॅसिलिकेची सवय झाली आहे. पांढरी केली तर ती आपली वाटणार नाही. कोणती आपली? चित्रातली! येथे छायाचित्र वास्तूची नक्कल राहिलेले नाही. वास्तूनेच छायाचित्रासारखे राहावे, मग त्यात तिचा दगड विरघळला तरी चालेल, अशी वेळ आली आहे. प्रतिमेच्या पूजेविषयी आम्ही सेमिनरीत पुष्कळ शिकलो. प्रतिमेसाठी मूळ वस्तूचा बळी जावा, याहून त्या दोषाचे स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

जे दगडाचे, तेच माणसांचे. पर्रा या गावातील माडांमधून जाणारा सरळ रस्ता २०१६ च्या 'डिअर जिंदगी' या चित्रपटात दिसला आणि हजारो लोक तेथे तसेच छायाचित्र काढण्यास येऊ लागले. २०१९ मध्ये ग्रामपंचायतीने छायाचित्रण व चित्रीकरणासाठी १०० ते ५०० रुपयांचा स्वच्छता-कर बसवला. त्यावर टीकेचा गदारोळ झाला आणि तो मागे घ्यावा लागला. पणजीच्या फोन्तेन्हास भागात रहिवाशांना आपल्या घरांसमोर छायाचित्रे काढू नयेत अशा अर्थाच्या पाट्या लावाव्या लागल्या. लोक त्यांच्या पायऱ्यांवर चढून, खिडकीशी उभे राहून छबी टिपत होते. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांनी जे चित्र पाहिले त्यात त्या घरात कोणी राहते असे कधी दिसलेच नव्हते. रंगीत भिंत होती, बंद दार होते, आणि दारापाशी ग्राहकासाठी राखून ठेवलेली मोकळी जागा होती. तो येऊन त्या जागेत उभा राहिला, इतकेच. रिकामी चौकट दाखवणाऱ्याने तीत कोणी शिरल्याची तक्रार कोणाकडे करावी?

मग गोव्याचे छायाचित्र काढूच नये काय? काढावे, आणि कसे काढावे याचे नमुनेही आहेत. प्रबुद्ध दासगुप्ता हा छायाचित्रकार फॅशन व जाहिरातीच्या क्षेत्रातला नामांकित, म्हणजे सोनेरी प्रकाशाची सारी हातोटी ज्याच्या बोटांत होती असा. २००९ साली त्याचा 'एज ऑफ फेथ' हा गोव्यातील कॅथलिक समाजावरील छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. चित्रे कृष्णधवल आहेत. ज्या प्रदेशाचा रंगच विकला जातो, त्याचा रंगच त्याने काढून घेतला. आणि रंग जाताच चेहरे दिसू लागले. घरांची अंतरंगे दिसू लागली, वार्धक्य दिसले, श्रद्धा दिसली, आणि एका समाजाचे हळूहळू एकाकी होणेही दिसले. त्या चित्रांतही निवड आहे, किंबहुना फार काटेकोर निवड आहे. विषादाचा सूर कोठे कोठे एकसुरी होतो, आणि तरुण, कामकरी गोवेकर त्यात हवा तितका भेटत नाही, असे आमचे मत आहे. तरीही तेथील माणूस कॅमेऱ्याकडे पाहतो. तो पाठमोरा नाही. आपल्या जागी दुसऱ्यास उभे राहू देण्यासाठी तो तेथे नाही.

रंग म्हणजेच असत्य, असेही कोणी समजू नये. रघुवीर सिंग (१९४२–१९९९) यांनी गंगेची, मुंबईची, राजस्थानची छायाचित्रे आयुष्यभर रंगीतच काढली. रंग हा भारतीय दृष्टीचा स्वभावच आहे, अशी त्यांची धारणा होती. परंतु त्यांच्या चौकटीत गर्दी असते, मोटारीचे दार मध्ये येते, खांब आडवा येतो, कोणी अर्धवट कापला जातो. जाहिरातवाल्याने जे जे झाडून टाकले असते ते ते तेथे राहू दिलेले आहे. आणि गंमत अशी की ती चित्रे पाहून त्या स्थळी जावेसे वाटते! तेव्हा सत्य सांगितले तर ग्राहक येणार नाही, ही भीती निराधार आहे. स्वच्छ पुसलेले चित्र पाहून येणारा स्थळावर येऊन खट्टू होतो. भरलेले चित्र पाहून येणारा निदान आपण कोणाच्या तरी गावात आलो आहोत, हे जाणून येतो.

व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्कमाध्यमविषयक परिषदेने १९९७ साली जाहिरातींच्या नीतीवर एक पत्रक काढले. त्यात तीन कसोट्या दिल्या आहेत. सत्य, मानवी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि सामाजिक उत्तरदायित्व. या कसोट्या मानण्यास ख्रिस्ती असण्याचीही गरज नाही. त्या छायाचित्राच्या निवडीला लावल्या तर व्यवहारात फार अवघड असे काही निघत नाही. चित्राखाली स्थळाचे नाव आणि ऋतू लिहावा, म्हणजे डिसेंबरचे आकाश जुलैच्या ग्राहकास विकले जाणार नाही. माणसाचा चेहरा वापरावयाचा तर त्याची संमती घ्यावी, आणि ती त्यास समजेल अशा भाषेत घ्यावी. केवळ सही घेणे म्हणजे संमती नव्हे. माणसास त्याच्या कामासह दाखवावे. उपासनामंदिर दाखवावयाचे तर कधीतरी उपासकांसह दाखवावे. शेकडो चित्रांतून एक निवडले जाते त्या टेबलापाशी त्या गावचे एखादे माणूस बसलेले असावे. यातील शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत क्वचित केली जाते.

आपल्या समाजालाही या कसोट्या लावून घ्याव्या लागतील. धर्मग्रामांच्या स्मरणिका, सणांची पत्रके, होम-स्टेच्या जाहिराती आता गावोगाव निघत आहेत, आणि त्यांत आपणच आपले चित्र काढतो. तेथे आपण काय निवडतो, हे पाहण्याजोगे आहे. लुगडे आणि दागिने केवळ छायाचित्रापुरते बाहेर काढावयाचे, आणि विहीर, वाडी, मासळीचा बाजार, थकलेली माणसे चौकटीबाहेर ठेवावयाची, ही रीत आपणही उचलली तर बाहेरच्या जाहिरात संस्थेस नावे ठेवण्यात अर्थ उरणार नाही. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपल्या पूर्वजांनी कॅमेरा जन्मण्यापूर्वीच रचली. त्यांनी डोंगराला दोष दिला नाही, अंतराला दिला. पर्यटनाच्या छायाचित्राचा सारा धंदा ते अंतर राखण्यावर चालतो. चांगले छायाचित्र ते कमी करते, आणि जवळ गेल्यावर डोंगरावर वस्ती दिसली तर तीही चित्रात राहू देते.